लेबल म्हणजे फोल्डर नव्हे, एकदा नीट समजून घ्या

"जीमेलमध्ये फोल्डर कसा करायचा" असं कुणी विचारलं की लगेच उत्तर येतं, "लेबल कर की, तेच ते, फक्त नाव वेगळं." हे उत्तर मी इतक्यांदा ऐकलंय, आणि त्यापायी गायब झालेले मेल शोधायला इतक्या जणांच्या शेजारी बसलोय, की आता एकदा लिहूनच टाकतो. तेच ते नाहीये.

रूल म्हणजे आलेल्या मेलचं आपोआप काय करायचं याचा नियम, हे आउटलुकवर, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या मेल प्रोग्रॅमवर, काम केलेल्या माणसाला सांगायला नको. अमुक पत्त्यावरून आला, सब्जेक्टमध्ये तमुक शब्द आहे, तर उचल आणि त्या फोल्डरमध्ये टाक. जीमेलचा फिल्टरही इथपर्यंत तसाच. कुणाकडून, कुणाला, कोणते शब्द आहेत, कोणते नाहीत, अटॅचमेंट आहे का, साइज किती, या अटींमध्ये डोकं शिणवण्यासारखं काही नाही. जुन्या मेलना लावायचं असेल तर आउटलुकमध्ये 'रन रूल्स नाऊ' आहे, जीमेलमध्ये फिल्टर बनवताना शेवटी एक चौकोन येतो तो टिक करायचा. जीमेलचा फिल्टर मोबाइल ॲपमधून बनवता येत नाही, कॉम्प्युटरवर ब्राउझर उघडूनच बसावं लागतं. झालं, एवढंच.

गोची आहे ती पुढे, म्हणजे मेल 'टाकला' म्हणजे नक्की काय झालं.

मी सगळ्यांना असं सांगतो, फोल्डर म्हणजे पत्ता आणि लेबल म्हणजे नातं. माणूस ठाण्यात असेल तर त्या वेळी तो पुण्यात नसतो. पण तोच माणूस एकाच वेळी कुणाचा काका, कुणाचा मामा, कुणाचा साडू असतो आणि त्यासाठी तीन माणसं लागत नाहीत. आउटलुकमध्ये मेल 'बिलं' फोल्डरमध्ये हलवला की तो इनबॉक्समधून उठला, आता तो एकाच जागी आहे. दोन फोल्डरमध्ये हवा तर कॉपी करावी लागते, मग ते खरोखर दोन मेल होतात, एक वाचला तरी दुसरा न वाचलेलाच राहतो, एक उडवला तरी दुसरा शाबूत असतो. जीमेलमध्ये मेल हलतच नाही. तो एकदाच साठवलेला असतो आणि त्याच्यावर चिठ्ठ्या लागतात, 'बिलं' म्हणून एक, 'सोसायटी' म्हणून दुसरी. डावीकडे 'बिलं'वर क्लिक केलं की जीमेल तो खण उघडत नाही, ती चिठ्ठी असलेले सगळे मेल गोळा करून दाखवतं.

आणि आता जे बहुतेकांच्या लक्षातच येत नाही ते. इनबॉक्स हीसुद्धा एक चिठ्ठीच आहे. नवा मेल येतो तेव्हा त्याला 'इनबॉक्स' लेबल लागलेलं असतं, अर्काइव्ह केला की ते निघतं, बस, मेल कुठेही गेलेला नसतो, 'ऑल मेल'मध्ये आहेच. ही एक गोष्ट पक्की झाली की बाकी सगळं आपोआप उलगडतं.

उदाहरणार्थ, "मी फिल्टर केला, लेबल लागलं, पण मेल अजून इनबॉक्समध्येच दिसतोय, फिल्टर चालत नाहीये." चालतोय हो, तुम्ही त्याला एक नातं जोडायला सांगितलंत, त्यानं जोडलं. इनबॉक्सचं नातं तोडायला सांगितलंच नाहीत. त्यासाठी 'अप्लाय द लेबल'सोबत 'स्किप द इनबॉक्स'वर टिक करावं लागतं. आउटलुकचा 'मूव्ह' म्हणजे हे दोन्ही मिळून. आणि जीमेलच्या स्क्रीनवर 'मूव्ह टू' असं जे बटण आहे तेसुद्धा आतून हेच करतं, नवं लेबल लावतं आणि ज्यात बसलोय ते काढतं. त्या बटणाचं नाव मला मुळीच आवडत नाही, लोकांच्या डोक्यात फोल्डर पक्का बसतो तो तिथूनच.

आता डिलीट, इथे माणसं खरी रडकुंडीला येतात. माझ्या मोठ्या मामांनी नोकरीभर आउटलुक वापरलं आणि रिटायर झाल्यावर सोसायटीचे खजिनदार झाले. जीमेलवर मीच त्यांना फिल्टर लावून दिले होते, लिफ्टच्या मेन्टेनन्सचं बिल आलं की त्याला 'सोसायटी' पण लागायचं आणि 'बिलं' पण. खजिनदारपद दुसऱ्यांकडे गेलं तेव्हा मामांनी सोसायटीचं दप्तर आवरल्यासारखं 'सोसायटी' लेबल उघडलं, सगळं सिलेक्ट केलं आणि कचऱ्याच्या डब्याचं बटण दाबलं. तीन आठवड्यांनी ऑडिटसाठी जुनी बिलं मागितली गेली, तेव्हा मामींचा फोन, जरा घरी ये म्हणून. मामा मला सांगत होते, "अरे मी फक्त सोसायटीतले काढले, बिलांमधले असायला हवेत ना." मी म्हटलं, "मामा, बिलांमधले वेगळे नव्हतेच, तेच होते." ट्रॅशमध्ये मेल ३० दिवस राहतात, म्हणून वाचलो, सगळे परत काढले. अजून दहा दिवस गेले असते तर काही खरं नव्हतं.

याच्या बरोबर उलट, अख्खं लेबलच डिलीट केलं असतं तर एकही मेल गेला नसता, फक्त चिठ्ठी फाटली असती. आणि आउटलुकमध्ये फोल्डर डिलीट केला की आतल्या मेलसकट तो 'डिलीटेड आयटम्स'मध्ये जातो. म्हणजे मामांना जे करायचं होतं त्यासाठी जीमेलमध्ये लेबल काढायचं होतं आणि ते करायला ते घाबरले, कारण आउटलुकच्या सवयीनं तेच जास्त धोक्याचं वाटतं. हे इतकं उलटंपालटं असताना "तेच ते" कसं काय म्हणवतं लोकांना, मला खरंच कळत नाही.

अजून एक घोळ, जीमेल आउटलुकमध्ये किंवा थंडरबर्डसारख्या दुसऱ्या मेल प्रोग्रॅममध्ये आयमॅपनं (सर्व्हरवरचे मेल तिथूनच दाखवणारी जोडणी) जोडलं की तिथे लेबलं फोल्डरचं रूप घेऊन दिसतात. एकच मेल 'इनबॉक्स'मध्ये, 'बिलं'मध्ये आणि 'ऑल मेल'मध्ये असा तीनदा दिसतो आणि माणसाला वाटतं डुप्लिकेट झालेत, साफ करूया. कृपा करून तिथले 'डुप्लिकेट' ट्रॅशमध्ये टाकू नका. साफसफाई करायचीच तर जीमेलच्या स्वतःच्या पानावर जाऊन करा.

क्रमाचं थोडक्यात. आउटलुकचे रूल वरून खाली एकेक चालतात आणि 'स्टॉप प्रोसेसिंग मोअर रूल्स' लावलं की तिथेच थांबतात, म्हणून तिथे कुठला रूल वर हे महत्त्वाचं. फोल्डरमुळे हे लागतंच, एका मेलला एकच पत्ता तर आधी हक्क कुणाचा हे ठरवायलाच हवं. जीमेलमध्ये वर-खाली काही नाही, जेवढे फिल्टर जुळतात तेवढे सगळे लागतात, नात्यांना कसली रांग. फक्त एक लक्षात ठेवा, एका जरी फिल्टरनं इनबॉक्स टाळलं तरी तो मेल इनबॉक्समध्ये दिसणार नाही, 'हा मात्र राहू दे' असं सांगणारा दुसरा फिल्टर बनवता येत नाही. अपवाद हवा असेल तर तो त्याच फिल्टरच्या 'हे शब्द नसावेत' या खणात घालावा लागतो.

माझी पद्धत विचाराल तर जीमेलमध्ये आधी महिनाभर नुसतं लेबल लावायचं, इनबॉक्स टाळायचं नाही. रोज डोळ्यांखालून जातं तेव्हा कळतं फिल्टर नको ते तर पकडत नाही ना. मग विश्वास बसला की 'स्किप द इनबॉक्स'. बँक, इन्शुरन्स, शाळा आणि दवाखाना यांना तर कधीच इनबॉक्स टाळायचं नाही, त्यांना लेबल भरपूर लावा पण समोर दिसू देत. आणि 'स्किप द इनबॉक्स'च्या जोडीला 'मार्क ॲज रीड' कुणी लावलेलं दिसलं की मी पहिलं ते काढायला लावतो, कारण मग मेल आल्याची कसलीच खूण उरत नाही, ना इनबॉक्समध्ये, ना लेबलासमोरच्या आकड्यात. लाइटचं बिल असं वाचल्यासारखं होऊन पडून राहतं आणि कळतं ते मुदत उलटून गेल्यावर.

मामांच्या खात्यात आता 'सोसायटी' हे लेबल नाही. ते आम्ही दोघांनी मिळून काढलं, बटण त्यांनीच दाबलं, आणि लगेच 'बिलं' उघडून लिफ्टची सगळी बिलं आहेत का ते एकेक मोजून पाहिलं. सगळी होती.