गॅरी मूर वेगळा, रोरी गॅलाहर वेगळा

परवा पुन्हा तोच घोळ दिसला. रंग उडून लाकूड उघडं पडलेली स्ट्रॅटोकास्टर (फेंडर कंपनीची इलेक्ट्रिक गिटार, थोडक्यात ‘स्ट्रॅट’), चौकड्यांचा शर्ट, घामाने कपाळाला चिकटलेले केस, आणि फोटोखाली ओळ: ‘स्टिल गॉट द ब्लूज’वाला आयरिश गिटारिस्ट. फोटो रोरी गॅलाहरचा आणि गाणं गॅरी मूरचं. दोघे आयरिश, दोघे ब्लूज-रॉक (अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या ब्लूज संगीतावर उभं राहिलेलं रॉक) वाजवणारे, दोघेही अकाली गेलेले. एवढ्या भांडवलावर लोक दोघांचा एक माणूस करून टाकतात. मला याचा खरंच त्रास होतो, कारण या गोंधळात दरवेळी पुसला जातो तो रोरी.

आधी नाव. गॅलाघर नव्हे, गॅलाहर. आयर्लंडमध्ये त्यातला ‘घ’ उच्चारत नाहीत.

मूर तुम्हाला माहीत आहे, त्यामुळे भराभर सांगतो. जन्म १९५२, बेलफास्ट. सोळाव्या वर्षी डब्लिनच्या स्किड रो बँडमध्ये. मग थिन लिझी या बँडमध्ये येऊन-जाऊन, त्याचा गायक फिल लायनट याच्याबरोबरचं ‘पॅरिसियन वॉकवेज’ हे गाणं, ऐंशीच्या दशकात दणदणीत हार्ड रॉक, १९९० मध्ये ‘स्टिल गॉट द ब्लूज’. २०११ मध्ये स्पेनमध्ये निधन.

रोरी त्याच्याहून चार वर्षांनी मोठा. जन्म २ मार्च १९४८, डोनेगल परगण्यातलं बॅलीशॅनन. वाढला कॉर्कमध्ये, म्हणजे बेटाच्या थेट दक्षिण टोकाला. डोनेगल नकाशावर उत्तरेला दिसतं, अल्स्टर प्रांतातही मोडतं, पण आहे आयर्लंड प्रजासत्ताकात; बेलफास्ट मात्र ब्रिटनच्या उत्तर आयर्लंडमध्ये. त्यामुळे ‘बेलफास्टचा रोरी’ असं लिहू नका. त्याचा पुतळा २०२५ मध्ये बेलफास्टच्या अल्स्टर हॉलजवळ उभा राहिला, आणि आता ही चूक आणखी वाढणार अशी मला भीती आहे. पुतळा तिथे असण्याला कारण आहे. सत्तरच्या दशकात बॉम्बस्फोटांच्या भीतीने बाहेरचे बँड बेलफास्ट टाळत होते, तेव्हा हा कॉर्कचा माणूस तिथे येऊन वाजवत राहिला. शहराने ते लक्षात ठेवलं.

आता खरा मुद्दा. ‘पण दोघेही ब्लूजच वाजवतात ना?’ हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकलाय की त्याचं उत्तर सावकाश द्यायलाच हवं. तार छेडल्यावर पुढे त्या सुराचं काय होतं, याकडे कान द्या.

मूर सूर धरून ठेवतो. त्याच्या हातातली गिब्सन लेस पॉल जड महोगनीची, तिचे हमबकर पिकअप (तारेचं कंपन पकडणारे, दुहेरी वेटोळ्यांचे चुंबक) जोरकस. अँप, म्हणजे आवाज वाढवणारं यंत्र, पुरेसा चढवला की स्पीकरमधून येणारा आवाज तारेला पुन्हा हलवत राहतो आणि सूर विरत नाही. ‘पॅरिसियन वॉकवेज’ मैफलीत वाजवताना तो एका सुरावर थांबतो, लोक टाळ्या वाजवायला लागतात, आणि सूर तसाच सुरू असतो. मग तो तार ओढून वरच्या सुराला जातो, जवळजवळ मींड घेतल्यासारखा. आपल्याकडच्या कानाला मूर पहिल्याच ऐकण्यात भावतो त्याचं कारण हेच असावं: मींड आणि ठेहराव या दोन गोष्टींवर आपला कान आधीच तयार असतो.

आणखी एक गोष्ट. ‘स्टिल गॉट द ब्लूज’ या गाण्याच्या नावात ब्लूज आहे, बांधणीत फारसा नाही. ब्लूजचा नेहमीचा साचा बारा बारचा (बार म्हणजे तालाचा एक खंड), मुख्यतः तीन कॉर्डवर, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांच्या तीन जुळण्यांवर, फिरणारा. हे गाणं ए मायनर या स्वरपट्टीतलं, एकातून दुसरी कॉर्ड ओघळत येणारं बॅलड, म्हणजे संथ भावगीत, आहे. सुंदर आहे, माझं आवडतंही आहे. पण ते ऐकून ‘मला ब्लूज कळला’ असं कुणी म्हणालं की मी थांबवतो.

रोरीचा सूर लांबत नाही. तो टोचतो, तुटतो, आणि लगेच दुसरा येतो. स्ट्रॅटचे सिंगल-कॉइल, म्हणजे एकाच वेटोळ्याचे, पिकअप मुळातच पातळ, धारदार. पुढे व्हॉक्सचा एसी-३० अँप, आणि सुरुवातीच्या वर्षांत मधे रेंजमास्टर नावाची एक डबी, जिचं काम वरचा तीव्र आवाज आणखी पुढे ढकलणं. त्याच्या स्वतःच्या बँडमध्ये दुसरा गिटारिस्ट कधीच नव्हता, त्यामुळे ताल धरायचा, गायचं, आणि गाण्याच्या दोन ओळींमधल्या फटीत गिटारने स्वतःलाच उत्तर द्यायचं, हे सगळं एकाच माणसावर. हात ठेका सोडतच नाही. सोलो (गिटारचा एकटीचा भाग) सुरू झाला तरी खाली बसलेला ठेका त्याच्या उजव्या हातात ऐकू येतो. मूरचा सोलो गाण्याच्या वर तरंगतो. रोरीचा गाण्याच्या पोटातून येतो. मला विचाराल तर ब्लूज हा दुसरा.

मूर ब्लूजकडे १९९० मध्ये परत आला, रोरी तिथून हललाच नाही. त्याच माणसाने मँडोलिन घेऊन ‘गोइंग टू माय होमटाउन’ वाजवलं, धातूच्या नॅशनल गिटारवर स्लाइड वाजवली (तारांवरून नळी सरकवत), आणि १९७१ च्या डिसेंबरात लंडनमध्ये खुद्द मडी वॉटर्सच्या, म्हणजे अमेरिकन ब्लूजमधल्या दिग्गजाच्या, ध्वनिमुद्रणात साथीला बसला.

गिटारींचीही अदलाबदल होते. मूरची प्रसिद्ध लेस पॉल मूळची फ्लीटवुड मॅक बँडच्या पीटर ग्रीनची. ती मूरने २००६ मध्ये विकली आणि पुढे ती मेटालिका या हेवी मेटल बँडच्या कर्क हॅमेटकडे गेली. रोरीची स्ट्रॅट १९६१ ची. कॉर्कमधल्या क्राउलीच्या दुकानात १९६३ मध्ये, पंधराव्या वर्षी, जवळपास शंभर पौंडांना उधारीवर घेतलेली. आधीच्या गिटारिस्टला लाल हवी होती, आली सनबर्स्ट (मध्ये पिवळसर, कडांना गडद), म्हणून त्याने ती परत केली आणि या पोराचं नशीब उघडलं. तो रंग कुणी शोभेसाठी खरवडलेला नाही. वर्षानुवर्षं रात्रंदिवस वाजवून, घामाने तो गेला. हल्ली कारखान्यातूनच खरवडून आलेल्या गिटारी महाग विकतात, ते मला अजिबात पटत नाही. रोरीने ती गिटार मरेपर्यंत सोडली नाही. २०२४ मध्ये लंडनच्या लिलावात तिच्यावर ७ लाख पौंडांची बोली लागली, आणि घेणाऱ्यांनी ती आयर्लंडच्या राष्ट्रीय संग्रहालयाला दिली.

बाकीचे फरक लहान आहेत. मूरची गाणी हिट यादीत गेली; रोरीने सिंगल, म्हणजे सुटं गाणं, काढायलाच नकार दिला. मूर बँड बदलत राहिला. रोरीकडे बास गिटारवर वीस वर्षं एकच माणूस, बेलफास्टचा गेरी मॅकॅव्हॉय. १९७५ च्या जानेवारीत रोलिंग स्टोन्सने रोरीला रॉटरडॅमला बोलावलं, तो काही रात्री त्यांच्याबरोबर वाजवून आला, आणि जपानचा स्वतःचा दौरा ठरलेला होता म्हणून निघून गेला. १४ जून १९९५ ला, यकृत प्रत्यारोपणानंतर झालेल्या संसर्गाने तो लंडनमध्ये गेला. वय ४७.

मूरकडून रोरीकडे यायचं असेल तर ‘आयरिश टूर ’७४’ घ्या. बेलफास्ट, डब्लिन आणि कॉर्कच्या मैफलींचं ध्वनिमुद्रण आहे. त्यातलं ‘अ मिलियन माइल्स अवे’ नऊ मिनिटांहून लांब आहे, तेव्हा हेडफोन लावून, दुसरं काम बाजूला ठेवून ऐका. मधे एका ठिकाणी बँड इतका खाली उतरतो की गिटार जवळजवळ एकटी उरते. तिथे मूर असता तर त्याने एक सूर धरला असता. रोरी काय करतो ते ऐका.