रेस-पेडलची मऊ चाल

रेसचे पेडल दाबताना किंवा सोडताना एंजिनाची ओढ झटका न देता, पायाच्या दाबाच्या प्रमाणात वाढावी आणि उतरावी, यासाठी मोटारवाहनात केली जाणारी जुळणी, सफाई व समायोजन. खानदेशात, म्हणजे जळगाव, धुळे व नंदुरबार या जिल्ह्यांत, ‘गाडी झटके मारते’, ‘रेस अडकते’ किंवा ‘रेस जड झाली’ अशी तक्रार गॅरेजात येते तेव्हा बहुधा हेच काम करावे लागते. पेडल हलके झाले म्हणजे चाल मऊ झाली, असे नाही. पहिल्याच इंचात सगळी ओढ देणारे हलके पेडल जड पेडलापेक्षा अधिक त्रासदायक असते.

उगम : एंजिनावर पायाने ताबा ठेवण्याची पद्धत कोठून आली याबाबत एकमत नाही. एक मत कार्ब्युरेटरपासून, म्हणजे हवेत पेट्रोल मिसळणाऱ्या भागापासून, सुरुवात करते. हंगेरीतील दोनात बांकी व यानोश चोंका यांनी फवारा-नळीच्या कार्ब्युरेटरच्या पेटंटसाठी फेब्रुवारी १८९३ मध्ये अर्ज केला. जर्मनीतील विल्हेल्म मायबाख यांचे त्याच तत्त्वावरचे पेटंट त्याच वर्षी काही महिन्यांनी आले. तारखा पाहता हंगेरीचा दावा अधिक बळकट वाटतो, तरी जर्मन परंपरा मायबाख यांनाच मान देते. पेडलाच्या इतिहासाला मात्र या वादाची फारशी मदत होत नाही. दुसरे मत गव्हर्नरपासून, म्हणजे एंजिनाच्या फेऱ्या आपोआप ठरावीक ठेवणाऱ्या यंत्रणेपासून, निघते. जेम्स वॉट यांनी १७८८ च्या सुमारास वाफेच्या एंजिनाला फिरत्या गोळ्यांचा गव्हर्नर जोडला. हे तत्त्व पवनचक्क्यांत त्याआधीपासून वापरात होते. १८६८ मध्ये जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी गव्हर्नरांच्या स्थैर्याचे गणित मांडले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या अनेक मोटारींत एंजिन गव्हर्नरने ठरावीक फेऱ्यांवर बांधलेले असे. पेडल दाबले की गव्हर्नरचा अटकाव दूर होई आणि एंजिन जास्त फिरे. दे दियाँ-बुताँ या फ्रेंच कंपनीच्या काही गाड्यांत तर पेडल दाबल्यावर एंजिन मंदावत असे. हे दुसरे मत अधिक ग्राह्य धरावे लागते, कारण यांत्रिक डिझेल पंपातही पेडल गव्हर्नरमार्फतच काम करते.

पेडलाची जागाही लवकर ठरली नाही. फोर्ड मॉडेल टी (१९०८–२७) या गाडीत रेस स्टिअरिंगखालच्या उजव्या दांडीने, हाताने दिली जाई. क्लच, ब्रेक, रेस हा आजचा क्रम १९१६ च्या कॅडिलॅकमध्ये दिसतो आणि १९२२ च्या ऑस्टिन सेव्हनपासून तो रूढ झाला, असे सामान्यतः मानतात.

पेडलाचा पहिला पाव हिस्सा : पेट्रोल एंजिनात पेडल थ्रॉटलची गोल चकती फिरवते आणि हवेची वाट उघडते. एंजिनाच्या फेऱ्या कमी असताना चकती सुमारे एकतृतीयांश उघडली, की सिलिंडरांना लागणारी बहुतेक हवा मिळून जाते. पुढचे पेडल जवळपास रिकामे जाते. उलट चकती जेमतेम उघडी असते तेव्हा मॅनिफोल्डमधील, म्हणजे चकतीपुढच्या हवानळीतील, दाब बाहेरच्या दाबाच्या सुमारे ५३ टक्क्यांखाली असतो, फटीतील हवा ध्वनिवेगाला पोचते आणि प्रवाह केवळ फटीच्या क्षेत्रफळावर ठरतो. म्हणून सुरुवातीच्या एकेका अंशाला मोल आहे. जुन्या गाड्यांत केबल गोल चाकाऐवजी अंडाकृती चाकावर गुंडाळलेली आढळते ती याचसाठी. आरंभी त्रिज्या मोठी असल्याने केबल तेवढीच ओढली तरी चकती कमी फिरते.

बिघाडही नेमका येथेच होतो. क्रॅंककेसमधून (एंजिनाच्या खालच्या पेटीतून) येणारी तेलकट वाफ चकतीच्या कडेवर साचून काळे कडे तयार होते. पाय दाब वाढवत राहतो, चकती चिकटून बसते आणि सुटते तेव्हा एकदम काही अंश उघडते. चालकाला तो झटका एंजिनाचा वाटतो. कार्ब्युरेटरच्या गाडीत अॅक्सिलरेटर पंपाचा (पेडल दाबताच जादा पेट्रोल देणाऱ्या पंपाचा) पडदा कडक झाला असेल, तर हवा आधी व पेट्रोल मागून येते आणि गाडी क्षणभर दम खाते. तिसरे कारण एंजिनाबाहेरचे असते. प्रोपेलर शाफ्टचे (चाकांकडे ओढ नेणाऱ्या दांड्याचे) क्रॉस म्हणजे सांधे, डिफरन्शियल व एंजिनाची माउंटिंग झिजली, की ओढ बदलताना ढील आधी भरते आणि मग सगळी गाडी सेकंदाला साधारण दोन ते आठ वेळा मागेपुढे डोलते. क्रॉस न पाहता थ्रॉटल धुण्याचे पैसे घेणे हा ग्राहकावर अन्याय आहे.

डिझेल एंजिनात सामान्यतः हवेवर ताबा नसतो. पेडल पंपाला इंधनाचे माप सांगते. आरक्यू प्रकारचा गव्हर्नर फक्त आयडल (पेडल न दाबतानाच्या) व कमाल फेऱ्या सांभाळतो. आरएसव्ही प्रकारचा गव्हर्नर मधल्या सर्व फेऱ्यांवर काम करतो, म्हणून त्यात पेडल म्हणजे ओढीची नव्हे, तर वेगाची मागणी ठरते. गव्हर्नरची स्प्रिंग किंवा सांधे झिजले की आयडलला एंजिन वरखाली होत राहते. त्याला हंटिंग म्हणतात, आणि मॅक्सवेल यांच्या गणिताचा विषय हाच होता. असा पंप कॅलिब्रेशन यंत्रावरच लावावा. रस्त्यावर स्क्रू फिरवून ते साधत नाही.

खानदेशातील परिस्थिती : तापी, गिरणा, पांझरा खोऱ्यांतील काळ्या मातीची धूळ आणि उन्हाळ्यात ४५ अंशांच्या आसपास जाणारे तापमान, ही दोन्ही केबलच्या मुळावर येतात. बारीक धूळ ग्रीसमध्ये मिसळून लेप होतो, तर उष्णतेने प्लॅस्टिकचे अस्तर मऊ पडते. केबल तपासताना मिस्त्री तिचे पेडलाकडचे टोक सोडवतो आणि आतली तार दोन बोटांत धरून हळू मागेपुढे करतो. किरकिर कोठे लागते ते बोटांना कळते. तार बहुधा टोकाच्या बोंडाजवळ तुटू लागते, म्हणून एकही धागा उसवलेला दिसला तर केबल बदलावी. तार शाबूत असेल तर केबल उभी टांगून वरच्या तोंडाला पिशवीचा कोन बांधतात आणि त्यात पातळ तेल सोडतात. खालून आधी काळे तेल टपकते. ते स्वच्छ येईपर्यंत ओतत राहावे लागते. टेफ्लॉन-अस्तराच्या केबलला मात्र तेल-ग्रीस लावू नये. मोटारसायकलच्या मुठीला साधारण दोन ते सहा मिलिमीटर ढील ठेवतात. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवूनही आयडल वाढता कामा नये.

राष्ट्रीय महामार्ग ५३ नवापूरकडून धुळे, पारोळा, एरंडोल, जळगाव, भुसावळ असा जिल्ह्या-जिल्ह्यांतून जातो. त्यावरील कोंडाईबारी घाट, तसेच इतर मार्गांवरील शिरपूरच्या पुढचा बिजासन घाट आणि चाळीसगाव–कन्नड घाट येथे भरलेल्या गाडीला दीर्घकाळ अर्ध्या पेडलावर चढावे लागते. रावेर, यावल, चोपडा भागातील केळीच्या ट्रकना हे विशेष लागू आहे. (जळगाव केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले.) झटक्याने घड एकमेकांवर घासून सालीवर डाग पडतात आणि माल उतरवतात तेथे भाव कमी होतो. येथे मऊ पेडल ही चैन नाही, शेतकऱ्याच्या मालाचे रक्षण आहे. तोरणमाळ हजार मीटरहून उंच असल्याने तेथे हवा सुमारे दहा टक्के विरळ होते. कार्ब्युरेटरचे मिश्रण गडद होऊन (हवेच्या मानाने पेट्रोल जास्त होऊन) रेस बोजड वाटते, पण खाली उतरल्यावर ती आपोआप सुधारते. तेवढ्यासाठी कार्ब्युरेटरचा जेट (पेट्रोलचे माप ठरवणारे छिद्र) बदलू नये.

खराब रस्त्यावर पायच पेडलावर उडतो आणि गाडी उड्या मारते. टाच जमिनीवर टेकवून पंजा तिच्याभोवती फिरवणे हा त्यावरचा बिनखर्ची उपाय होय. सैल चटई पेडलाखाली सरकत नाही ना, तेही पाहावे.

इलेक्ट्रॉनिक पेडल : १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून केबलऐवजी संवेदक व मोटर आली. पेडलात दोन संवेदक असतात. त्यांचे संकेत जुळले नाहीत तर संगणक ओढ मर्यादित करतो. येथे मऊपणा मुख्यत्वे आज्ञावलीत ठरतो. पाय झपाट्याने दाबला तरी ओढीची मागणी गाळून, टप्प्याने पुढे दिली जाते. अशा थ्रॉटलची चकती चावी चालू असताना बोटाने ढकलू नये. सफाईनंतर आयडल नव्याने शिकवावे लागते आणि त्याची रीत कंपनीगणिक वेगळी असते. पेडलाच्या तारेत मध्ये जोडायच्या डब्या ताकद वाढवत नाहीत. त्या तोच संकेत लवकर वाढवतात, म्हणजे पहिला पाव हिस्सा अधिक तिखट करतात. मालवाहू गाडीत त्या बसवू नयेत. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम ११८ नुसार मालवाहू व प्रवासी वाहनांना लागणारा वेगनियंत्रक बहुतांश वाहनांना ताशी ८० किलोमीटरवर रोखतो. त्या वेगाजवळ जाणवणारा अडथळा हा थ्रॉटलचा दोष समजू नये.

ट्रॅक्टरवर हाताची रेस-दांडी घर्षण-चकतीने जागेवर राहते. चकती सैल झाली की थरथरीने दांडी मागे सरकते आणि पीटीओच्या, म्हणजे अवजार फिरवणाऱ्या दांड्याच्या, मिनिटाला ५४० फेऱ्या टिकत नाहीत. तिचा नट अर्धा फेरा आवळून पाहावा.