कोबीतला किडा, फिट आणि जंताची गोळी

आमच्या परळला कुणाच्या पोराला फिट आली की दोन गोष्टी हमखास होतात, कोणीतरी कांदा नाहीतर चप्पल घेऊन नाकाशी धावतं (नका हुंगवू, कुशीवर वळवा बस) आणि दुसऱ्या दिवसापासून घरात कोबी बंद, कारण "कोबीतला किडा डोक्यात जातो". आता डोक्यात जातो तो हिरवा किडा नाहीच, ती टेपवर्मची (पोटातल्या लांब, फितीसारख्या जंताची) अंडी असतात आणि ती येतात ज्याच्या पोटात टेपवर्म आहे अशा माणसाच्या संडासातून, मग पाणी, न धुतलेले हात, कच्ची भाजी असं करत पोटात, तिथून डोक्यात, आणि तिथे त्यांची गाठ होते. म्हणून शुद्ध शाकाहारी घरातपण होतं. डुकराचं कच्चं मांस खाल्लं तर टेपवर्म पोटात वाढतो, ती वेगळी भानगड.

ही भानगड कळली कशी तर १८५५ साली क्युखेनमाइस्टर नावाच्या जर्मन डॉक्टरने फाशीच्या कैद्याला गुपचूप डुकराच्या मांसातले फोड (यात टेपवर्मची पिल्लं असतात) खायला घातले आणि फाशीनंतर आतड्यात कोवळे टेपवर्म सापडले! मग १९३०च्या दशकात भारतात ड्युटी करून परतलेल्या ब्रिटिश सोल्जरना फिट्स यायला लागल्या तेव्हा कारण डोक्यातल्या टेपवर्मच्या गाठी हेच निघालं. आपल्याकडे मात्र सीटी स्कॅनवर छोटी गोल गाठ दिसली की टीबीच समजायचे, १९८९ मध्ये वेल्लोरच्या डॉक्टरांनी दाखवलं की यातल्या बऱ्याच गाठी टेपवर्मच्या आहेत, त्यातल्या कितीतरी तर आपोआप विरतात.

आता जंताच्या गोळ्या वाटणारे आणि फिटवर इलाज करणारे डॉक्टर यांनी एकत्र यायला पाहिजे, का, तर गावभर प्राझिक्वांटेल (टेपवर्मची गोळी) वाटलं आणि एखाद्याच्या डोक्यात आधीच गाठ असली तर गोळीमुळेच सूज येऊन फिट येऊ शकते. पेरूच्या तुंबेसमध्ये म्हणून माणसांना निक्लोसामाइड हे टेपवर्मचं दुसरं औषध दिलं, ते आतड्याबाहेर जातच नाही, आणि डुकरांना औषध प्लस लस. तिथे प्रसार बऱ्याच भागात थांबला, रिझल्ट २०१६ मध्ये छापून आला. आफ्रिकेत नदीकाठच्या काळ्या माशीतून पसरणाऱ्या कृमीचा आणि मुलांच्या फिट्सचा असाच संबंध दिसलाय, तिथे त्या कृमीचं औषध आयव्हरमेक्टिन १९८७ पासून फुकट मिळतं.

आपल्याकडे शाळेत २०१५ पासून जंतनाशक दिनाला अल्बेंडाझोल देतात, पण ती मातीतल्या जंतांसाठी. न्यूरोवाले (मेंदूचे डॉक्टर) डोक्यातल्या गाठीला तीच गोळी देतात, फक्त जास्त दिवस आणि स्टेरॉइडसोबत. आणि घरात अजून कोणाच्या पोटात टेपवर्म आहे का, हे विचारायचं दोघांकडूनही राहूनच जातं.