म्हैस, फेस आणि चांदीचे चार अणू

कोल्हापुरात गंगावेशीतल्या दूधकट्ट्यावर संध्याकाळी म्हशी येऊन उभ्या राहतात. समोर धार काढायची आणि फेसाळता ग्लास गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा, असा इथला रिवाज. गेल्या हिवाळ्यात तिथल्या एका म्हसवाल्या मामांना विचारलं, "मामा, एक फोटो काढू का तुमचा?"

"काढ की. त्यात इचारायचं काय?"

म्हशीच्या पाठीवर हात टाकून ते ताठ उभे राहिले. मी शटर दाबलं, रोल पुढं सरकवला. मामांनी हात पुढं केला. "दाव."

"मामा, लगेच नाही दिसत. रोलचा कॅमेरा आहे."

त्यांनी कॅमेरा हातात घेऊन उलटा केला. मागं पडदा नव्हता, नुसतं काळं कातडं. "मग आत हाय का न्हाई फोटू?"

अनोळखी माणसांचे फोटो काढत हिंडणाऱ्याला "दाखव" हा शब्द रोज ऐकावा लागतो. पण आत आहे की नाही, असं सरळ कुणी विचारलं नव्हतं. मी "आहे" म्हणालो खरा, पण घरी येईपर्यंत माझ्याच उत्तराची मला खात्री वाटेना.

कॅमेऱ्याचं झाकण तिथंच उघडलं असतं तर उजेड लागून सगळंच गेलं असतं, हे झालंच. पण समजा, काही जादू करून ती फिल्म उजेड न लागता सूक्ष्मदर्शकाखाली पाहता आली असती, तरीही मामा दिसले नसते. म्हैसही नाही. कोऱ्या फिल्मच्या शेजारी ती ठेवली असती तर कोणती कोरी आणि कोणती मामांची, हे ओळखता आलं नसतं. तरी फोटो आत होता. शास्त्रज्ञ त्याला सुप्त प्रतिमा म्हणतात.

फिल्म म्हणजे प्लॅस्टिकच्या पट्टीवर जिलेटिनचा पातळ थर, आणि त्या थरात विखुरलेले सिल्व्हर ब्रोमाइडचे बारीक स्फटिक. त्यात थोडं आयोडाइडही असतं. एकेक दाणा साधारण मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढा, पण त्यात चांदीचे आयन, म्हणजे एकेक इलेक्ट्रॉन हरवलेले अणू, अब्जावारी. मामांच्या गालावरून निघालेला प्रकाशकण अशा दाण्यावर आदळला की ब्रोमाइडकडचा एक इलेक्ट्रॉन सुटतो. तो स्फटिकात भटकतो आणि एखाद्या खोडीपाशी, म्हणजे जिथं स्फटिकाची वीण बिघडलेली असते तिथं, अडकतो. जवळपास फिरणारा चांदीचा एक आयन त्याच्याकडे ओढला जातो आणि दोघं मिळून चांदीचा एक अणू होतो. ही गोष्ट १९३८ मध्ये गर्नी आणि मॉट या दोघांनी मांडली. नंतर तपशिलात बरीच भर पडली, पण गाभा तोच राहिला.

हा एकटा अणू भरवशाचा नसतो, थोड्याच वेळात मोडूनही जातो. त्याच ठिकाणी दुसरा आला तर जोडी जरा टिकते. साधारण चार अणू एकत्र जमले की तो ठिपका पक्का झाला. अब्जावधींतले चार! फिल्मवरचा मामांचा चेहरा त्या संध्याकाळी एवढाच होता: काही दाण्यांत चार-चार अणूंचे ठिपके, काहींत काहीच नाही.

बाकीचं काम डेव्हलपरचं. हे द्रावण दाण्यांना इलेक्ट्रॉन पुरवतं आणि सगळ्या दाण्याची चांदी करून टाकू शकतं, पण आत शिरायला त्याला दार लागतं. चार अणूंचा ठिपका हेच ते दार. ज्या दाण्यावर ठिपका आहे तो पाच-दहा मिनिटांत पुरा चांदीचा होतो. म्हणजे प्रकाशानं केलेलं काम जवळजवळ अब्जपट वाढवून मिळतं. ठिपका नसलेले दाणेही कायमचे शहाणे राहत नाहीत. जास्त वेळ ठेवलं किंवा पाणी गरम असलं की तेही उगाच काळे व्हायला लागतात आणि सगळ्या फोटोवर धुकं चढतं. म्हणून २० अंश सेल्सिअसचा नियम. कोल्हापुरात मे महिन्यात नळाचं पाणी २० अंशांचं असेल असं समजणारा माणूस एक तरी रोल वाया घालवतो. मी दोन घालवले. आता बादलीत बर्फ टाकून द्रावणाचे डबे त्यात बुडवून ठेवतो, आणि घरचे सरबताच्या बर्फावरून भांडतात.

शेवटी हायपो. न वापरला गेलेला ब्रोमाइड हे द्रावण विरघळवून नेतं, तेव्हाच फिल्म उजेडात आणता येते. चांदीचे असे क्षार हायपोत विरघळतात हे जॉन हर्शेलनं १८१९ मध्येच पाहून ठेवलं होतं. फोटोग्राफीला त्याचा उपयोग व्हायला १८३९ उजाडलं.

इथं कोल्हापूरकराला एक शंका हटकून येते. शेजारच्या हुपरीत चांदीचे पैंजण घडतात, लखलखीत पांढरे. मग निगेटिव्हवरची, म्हणजे धुऊन निघालेल्या फिल्मवरची, चांदी काळी का? पैंजण काळे पडतात तसं काही नव्हे. ते हवेतल्या गंधकामुळं होतं, तो सिल्व्हर सल्फाइडचा थर. निगेटिव्हवर शुद्ध चांदीच असते. फक्त ती सपाट पत्र्यासारखी नसून दोऱ्यांच्या गुंत्यासारखी वाढलेली असते. प्रकाश त्या गुंत्यात शिरतो, इकडून तिकडं आपटत राहतो आणि बाहेर येत नाही, म्हणून काळं दिसतं. रंगीत फिल्ममध्ये ही चांदी शेवटी काढून टाकतात आणि नुसते रंग उरतात. कृष्णधवल निगेटिव्हमध्ये माणूस खरोखर चांदीत असतो. अख्ख्या रोलमध्ये ती एक ग्रॅमसुद्धा भरत नाही, त्यामुळं हुपरीत कुणी मोड म्हणून घेणार नाही.

जिलेटिनचीही एक गंमत आहे. ते जनावरांच्या हाडा-कातड्यापासून बनतं. १९२० च्या दशकात कोडॅकच्या लोकांना दिसलं की काही जिलेटिनची फिल्म प्रकाशाला तेज आणि काहींची मंद निघते. सॅम्युअल शेपर्ड या रसायनशास्त्रज्ञानं मूळ शोधलं, तर निघालं गंधकाचं संयुग, तेही अगदी लेशमात्र. मोहरीच्या जातीची झाडं खाल्लेल्या गुरांच्या जिलेटिनात ते उतरलं होतं. स्फटिकातल्या ज्या खोडीपाशी इलेक्ट्रॉन अडकतो म्हणालो, तशा जागा हे गंधक तयार करतं. ही गोष्ट मामांना सांगितली असती तर त्यांनी लगेच वैरण बदलली असती.

आता म्हैस. काळ्याभोर म्हशीशेजारी उन्हानं रापलेला चेहरा आणि हातात पांढऱ्या फेसाचा ग्लास, ही परीक्षाच आहे. उजेड मोजणारा मीटर बुद्धीनं अगदी साधा असतो. समोर जे असेल ते मध्यम राखाडी आहे, साधारण १८ टक्के प्रकाश परत फेकणारं, असं तो धरून चालतो. म्हशीकडं रोखला तर म्हैस राखाडी करून देतो, फेस पार उडून नुसता पांढरा डाग राहतो. फेसाकडं रोखला तर फेस राखाडी आणि मामांचं तोंड अंधारात. मी आपला तळहात मोजतो. माणूस गोरा असो की काळा, तळव्यांत तेवढा फरक पडत नाही, आणि तळवा मध्यम राखाडीपेक्षा सुमारे दुप्पट उजळ असतो. म्हणून मीटर सांगेल त्याच्या दुप्पट प्रकाश द्यायचा.

चूक करायचीच असेल तर प्रकाश जास्त देण्याची करावी, असं जुने फोटोग्राफर सांगतात. त्याचं कारण पुन्हा त्या चार अणूंतच आहे. जास्त प्रकाश पडला तर फेसाची जागा निगेटिव्हवर (तिथं सगळं उलटं, उजळ ते काळं) दाट काळी होते, पण तपशील बराचसा असतो, प्रिंट काढताना ओढून काढता येतो. कमी पडला तर मामांच्या डोळ्यांखालच्या सावलीतल्या दाण्यांना दोन-तीनच अणू मिळालेले असतात. तिथं दारच नाही. मग डेव्हलपर कितीही वेळ ठेवा.

रात्री रंकाळ्यावर हेच वेगळ्या तऱ्हेनं अनुभवाला येतं. दिव्याच्या मंद उजेडात प्रकाशकण इतक्या सावकाश येतात की दुसरा अणू तयार व्हायच्या आत पहिला मोडलेला असतो. हिशेबानं दहा सेकंद पुरायला हवेत तिथं वीस-तीस द्यावे लागतात. कार्ल श्वार्झशिल्डनं १९०० च्या सुमारास ताऱ्यांचे फोटो घेताना याचा नियम बसवला. कृष्णविवरांच्या गणितामुळं पुढं ज्याचं नाव झालं, तोच हा.

महाद्वार रोडवरची गोष्ट निराळी. तिथं कुणी मामांसारखं थांबत नाही. चालणारा माणूस सेकंदाला साधारण १.४ मीटर जातो, म्हणजे शटर सेकंदाच्या १२५ व्या भागापुरतं उघडलं तरी तेवढ्यात तो सेंटिमीटरभर सरकतो. ३५ मिलिमीटरच्या लेन्सनं, ३ मीटरवरून, तो आडवा जात असेल तर फिल्मवर ही हालचाल ०.१३ मिलिमीटर भरते. ०.०३ च्या वर गेलं की डोळ्याला पुसट जाणवतं. म्हणून ५०० वा भाग हवा. फोकस करायला तर वेळच नसतो. मी ॲपर्चर, म्हणजे लेन्सचं छिद्र, ८ वर आणि अंतर ३ मीटरवर आधीच लावून ठेवतो. मग साधारण २ ते ७ मीटरच्या पट्ट्यात जो येईल तो पुरेसा स्पष्ट येतो. चपलांच्या दुकानांपासून देवळाच्या दारापर्यंत बोट फक्त शटरवर.

माझ्या कॅमेऱ्यातली फिल्मही ३५ मिलिमीटर रुंदीची, आणि ती मुळात सिनेमाची. जर्मनीत ऑस्कर बारनाकनं ती आडवी चालवली, चौकट दुप्पट करून २४ बाय ३६ मिलिमीटर केली, आणि १९२५ मध्ये तो कॅमेरा लायका नावानं बाजारात आला. त्याआधीच कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी सिनेमाचा कॅमेरा स्वतः घडवला होता आणि १९२० मध्ये 'सैरंध्री' पडद्यावर आणला होता. खरी कॉर्नरला त्या कॅमेऱ्याचं स्मारक आहे. त्याच्यासमोर रोल बदलताना मला दर वेळी थोडं ओशाळल्यासारखं होतं. आपण तयार वस्तू गळ्यात अडकवून हिंडतो.

त्या काळच्या फिल्मला लाल रंग दिसत नसे. सिल्व्हर ब्रोमाइड स्वभावानं फक्त निळ्या-जांभळ्याला ओळखतं. हेरमान फोगेलनं १८७३ मध्ये त्यात रंगद्रव्य मिसळून ते हिरव्यापर्यंत नेलं, लालपर्यंत सगळं टिपणारी फिल्म सिनेमात रुळायला १९२० चं दशक लागलं. तोवर कपाळावरचं कुंकू काळं ठिक्कर यायचं. जोतिबाच्या चैत्र यात्रेतला गुलाल मात्र वेगळा वागला असता. गुलाबी रंग लालबरोबर निळाही परत फेकतो, म्हणून त्याच फिल्मवर तो बराच उजळ दिसला असता. आजच्या फिल्मवर कुंकू मध्यम राखाडी येतं, आणि लाल फिल्टर लावला तर चक्क पुसलं जातं. कुणाच्याही आईचा फोटो काढताना मी तो फिल्टर खिशातच ठेवतो.

अकराव्या दिवशी मामांचा प्रिंट घेऊन दूधकट्ट्यावर गेलो. त्यांनी तो लांब धरला, जवळ धरला. स्वतःच्या तोंडाकडं ढुंकूनही पाहिलं नाही.

"शिंगं कापलीस की रं!"

खरंच होतं. म्हैस पंढरपुरी, शिंगं ही लांब, आणि दोन्हींचे वरचे शेंडे चौकटीबाहेर गेले होते. मी समजावून सांगितलं: "मामा, मी ज्या खिडकीतून बघतो ती लेन्सच्या वर चार सेंटिमीटरवर आहे. लांबच्या गोष्टीला काही फरक पडत नाही. तुमच्या इतकं जवळ आलो की मला दिसतं ते वरचं, आणि कॅमेऱ्याला दिसतं ते चार सेंटिमीटर खालचं."

मामांनी कॅमेरा पुन्हा घेतला, खिडकीला डोळा लावला, मग लेन्सवर बोट ठेवून बघितलं. खिडकीत काहीच अडलं नाही.

"हां. ह्येचा डोळा येगळा, तुझा येगळा." कॅमेरा परत देत ते म्हणाले, "दिवाळीच्या पाडव्याला ये. शिंगं रंगवतो तवा काढ. आन् जरा मागं सरकून."