आधी वय बघायचे!

पाववाल्या पोदेराचा भोंपू वाजून गेला की फोंड्यातल्या आमच्या घरी पेपर येतो, आणि आबा थेट निधन वार्तांचे पान काढतात. फोटोच्याही आधी त्यांची नजर कंसातल्या आकड्यावर जाते. “अडुसष्ट,” ते पुटपुटतात. आबा स्वतः ७२ वर्षांचे.

आईला हा प्रकार अभद्र वाटतो. पण सवय जुनी आहे. सतराव्या शतकात लंडनमध्ये दर आठवड्याला मृत्यूंची छापील यादी विकली जाई. जॉन ग्राँट या व्यापाऱ्याने १६६२ साली तक्रारच केली होती, की लोक यादीच्या तळाशी दफनांचा आकडा वाढला की घटला तेवढे बघतात, त्या आठवड्यातला एखादा विचित्र मृत्यू हेरतात आणि चारचौघांत त्यावर गप्पा छाटतात. आमच्या तिठ्यावर सकाळी दुसरे काय चालते?

ग्राँटने मात्र त्याच याद्या वर्षानुवर्षांच्या एकत्र मांडल्या. त्यांत वय दिलेले नसे. तेव्हा कोणत्या दुखण्यांनी मुलेच जास्त दगावतात हे पाहून त्याने अंदाज बांधला : जन्मलेल्या १०० मुलांपैकी ३६ सहा वर्षांची होण्याआधीच जातात. लोकसंख्याशास्त्राची सुरुवात ही अशी, मृत्यूच्या बातम्या नीट वाचण्यातून झाली.

कारणांच्या बाबतीत त्याला याद्यांवर फारसा भरवसा नव्हता. मृतदेह पाहून कारण सांगणाऱ्या म्हाताऱ्या बायकांना बिअर पाजून किंवा दुप्पट पैसे देऊन उपदंशासारखा लाजिरवाणा रोग दडवता येई, असा त्याचा संशय होता. आपल्याकडे ‘अल्पशा आजाराने’ हे दोन शब्द तेच काम फुकटात करतात. (‘वृद्धापकाळाने’ तर त्या यादीतही होते.)

आबांच्या वजाबाकीमागचे गणित बेंजामिन गॉम्पर्ट्झ या इंग्रज गणितज्ञाने १८२५ मध्ये मांडले. प्रौढ वयात मृत्यूचा धोका ठरावीक वर्षांनी दुप्पट होत जातो. ढोबळमानाने दर आठ वर्षांनी. म्हणजे चाळिशीच्या माणसापेक्षा बहात्तरीच्या माणसाला धोका सुमारे सोळापट. आबांचे शाळासोबती, नोकरीतले सहकारी, सगळेच एकदम त्या चढावर आलेले. मला त्या पानावर महिनोन्महिने ओळखीचे कोणी दिसत नाही, त्यांना दर आठवड्याला दिसते, यात नवल नाही.

मेंदूलाही असल्या माहितीची ओढ असते. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, मृत्यू किंवा हिंसेची चित्रे बघायचे लोक स्वतःहून ठरवत असताना मेंदूतला स्ट्रायटम सक्रिय झालेला दिसला. एरवी बक्षिसाच्या अपेक्षेने जागा होणारा हा भाग. म्हणजे वाईट बातमी हीसुद्धा मिळवण्याजोगी वस्तू ठरते.

आणि पानभर बारीक मजकुरातून नेमका आपला माणूस सापडतो कसा? मानसशास्त्रज्ञ नेव्हिल मोरे यांनी १९५९ मध्ये लोकांच्या दोन कानांत दोन वेगळे मजकूर ऐकवले आणि एकाकडे दुर्लक्ष करायला सांगितले. दुर्लक्षित कानातले शब्द कोणालाच धड आठवेनात. पण त्यातून स्वतःचे नाव आले तेव्हा साधारण एकतृतीयांश लोकांना ते ऐकू आले. तो प्रयोग कानांचा होता, पण डोळ्यांचेही काहीसे असेच होत असावे. गोव्यात तर आडनावाइतकेच गाव आणि वाडा आपले. बांदोडा, कवळे, मडकई हे शब्द दिसले, की आबांचे बोट आपोआप थांबते.

“कवळ्याचा. ७४,” आज ते म्हणाले, आणि चष्मा पुसून फोटो बघू लागले.