क्रूझवर लस हवी की टेस्ट? 95 टक्क्यांच्या अटीची पार्श्वभूमी

क्रूझचं तिकीट काढताना लशीचं प्रमाणपत्र आता सहसा कोणी मागत नाही. पण 2021-22च्या सूचना कुठे वाचनात आल्या, तर डोकं गरगरतं. कुठे ‘95 टक्के प्रवाशांनी लस घेतलेली हवी’, कुठे ‘लशीची सक्ती नाही, पण तीन टेस्ट लागतील’, तर कुठे लस न घेतलेल्यांसाठी वेगळा विमा. एकाच कंपनीचं सिअ‍ॅटलहून सुटणारं जहाज एक नियम सांगायचं आणि मायामीहून सुटणारं दुसराच. विषाणू दोन्हीकडे सारखाच होता. नियम वेगळे झाले ते प्रमाणपत्र मागायचा अधिकार कोणाचा, या भांडणातून.

जहाज आणि साथ हे नातं जुनं आहे. साथीच्या गावाहून आलेलं जहाज बंदराबाहेर थांबवायची रीत चौदाव्या शतकात युरोपातल्या एड्रियाटिक समुद्राच्या किनाऱ्यावर सुरू झाली. मुंबईने तिचा कडक अवतार 1896च्या प्लेगमध्ये पाहिला, आणि त्यातून आलेला 1897चा साथरोग कायदा 2020 सालीही आपल्याकडे कामाला आला. या सगळ्यात अडवलं जायचं ते मुख्यतः जहाज. प्रवाशाने लशीचा कागद दाखवायची वेळ पिवळ्या तापासारख्या मोजक्या आजारांपुरतीच.

कोविडने हे चित्र जपानमधल्या योकोहामा बंदरात बदललं. फेब्रुवारी 2020मध्ये ‘डायमंड प्रिन्सेस’ या क्रूझ जहाजावर सुमारे 3,700 माणसं अडकली आणि त्यातल्या 712 जणांना लागण झाली. प्रवासी केबिनमध्ये बंद होते. कर्मचारी मात्र जेवणाची ताटं दारोदार पोचवत होते आणि रात्री दोघं-दोघं एकाच केबिनमध्ये झोपत होते. जहाजावर 138 भारतीय होते, त्यातले 132 कर्मचारी. क्वारंटाइन प्रवाशांसाठी होतं, कर्मचाऱ्यांसाठी नव्हतं, असं म्हटलं तर फारसं चुकणार नाही. पुढच्या नियमांच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट वेगळीच होती: पॉझिटिव्ह आलेल्यांपैकी जवळपास निम्म्यांना तपासणीच्या वेळी काहीच त्रास नव्हता. कपाळासमोर थर्मामीटर धरून आत सोडण्याला अर्थ उरला नाही. स्वॅब घेणं भाग झालं.

मार्चमध्ये सिडनीत ‘रुबी प्रिन्सेस’वरून सुमारे 2,700 प्रवासी टेस्टचे निकाल यायच्या आधीच उतरवले गेले, आणि त्या जहाजाशी जोडलेले 28 मृत्यू पुढे नोंदले गेले. 14 मार्च 2020ला अमेरिकेच्या केंद्रीय रोगनियंत्रण यंत्रणेने क्रूझबंदी जाहीर केली. प्रवासी घरी गेले, पण कर्मचारी जहाजांवरच राहिले. मुंबईसमोर समुद्रात थांबलेल्या एका जहाजावरच्या सुमारे 145 भारतीय कर्मचाऱ्यांना घरापासून हाकेच्या अंतरावर येऊनही एप्रिलच्या चौथ्या आठवड्यापर्यंत जमिनीवर पाय ठेवता आला नाही. कोकणात आणि गोव्यात ‘शिपवर’ असलेल्यांच्या घरी ते दिवस कसे गेले, ते वेगळं सांगायला नको.

30 ऑक्टोबर 2020ला अमेरिकेने बंदी उठवून अटींसह परवानगीचा आदेश काढला. तेव्हा लस बाजारात नव्हती, त्यामुळे या आदेशाची सगळी इमारत टेस्टवर उभी होती. जहाजावर प्रयोगशाळेची सोय, कर्मचाऱ्यांची ठरावीक काळाने तपासणी, बंदरावरच्या रुग्णालयांशी करार, फेरी सात दिवसांच्या आत, आणि या सगळ्याआधी एक रंगीत तालीम. म्हणजे स्वयंसेवक प्रवासी घेऊन जहाज खरोखर समुद्रात न्यायचं, त्यांना चढवायचं, जेवू घालायचं, कोणाला तरी लागण झाली असं धरून विलगीकरणाच्या केबिनमध्ये हलवायचं आणि परत आणायचं. पहिली अशी तालीम 20 जून 2021ला मायामीहून निघाली. त्या जहाजावर सुमारे 600 स्वयंसेवक होते, बहुतेक कंपनीचेच नोकर.

नुसत्या टेस्टवर विसंबलं तर काय होतं, ते सिंगापूरने डिसेंबर 2020मध्ये दाखवलं. तिथे कुठल्याही बंदराला न लागता फिरून परत येणाऱ्या क्रूझ सुरू झाल्या होत्या, आणि चढण्याआधी टेस्ट सक्तीची होती. एका फेरीत 83 वर्षांचे एक प्रवासी जहाजावर पॉझिटिव्ह आले. जहाज तातडीने माघारी फिरलं, हजारो माणसं केबिनमध्ये कोंडली गेली. किनाऱ्यावर फेरतपासणी झाली आणि ते निगेटिव्ह निघाले.

लस आली, तरी नियमपुस्तकाला तिची दखल घ्यायला वेळ लागला. एप्रिल 2021च्या सुरुवातीला अमेरिकेच्या यंत्रणेकडून आलेल्या तांत्रिक सूचनांवर कंपन्यांनी आरडाओरडा केला, की लस आलेली असताना आम्हाला ती नसल्यासारखं वागवता. महिनाअखेरीस उत्तर आलं: 98 टक्के कर्मचारी आणि 95 टक्के प्रवासी लस घेतलेले असतील, तर रंगीत तालीम माफ. वादाचं मूळ या वाक्यात आहे. ही सक्ती नव्हती, तो दोन रस्त्यांपैकी जवळचा रस्ता होता. वर्तमानपत्रांनी मात्र मथळ्यात ‘95 टक्के लससक्ती’ करून टाकली आणि बहुतेकांच्या डोक्यात तेच बसलं.

आणि 95च का? उरलेल्या पाचात मुख्यतः मुलं येणार होती. तेव्हा अमेरिकेत 12 वर्षांखालच्यांना लस नव्हती. 5 ते 11 वयोगटासाठी ती नोव्हेंबर 2021मध्ये आली. ज्येष्ठ जोडप्यांना घेऊन जाणाऱ्या जहाजाला 95 टक्के सहज गाठता येत होते. पाण्याच्या घसरगुंड्या असलेल्या कौटुंबिक जहाजावर उन्हाळी सुट्टीत मुलंच पाच टक्क्यांहून कितीतरी जास्त असतात. म्हणजे कागदावर सर्वांना सारखा असलेला आकडा प्रत्यक्षात कुठल्या कंपनीला तालीम करावी लागणार, ते ठरवत होता.

हे चालू असतानाच 3 मे 2021ला फ्लोरिडाच्या गव्हर्नरांनी एका विधेयकावर सही केली. कोणत्याही व्यवसायाने ग्राहकाकडे कोविड लशीचा कागदोपत्री पुरावा मागायचा नाही; मागितला तर दर ग्राहकामागे 5,000 डॉलरपर्यंत दंड. एका जहाजावर तीन हजार प्रवासी धरले तर एका फेरीचा दंड दीड कोटी डॉलरवर जातो. मायामीसारखी जगातली सर्वांत गजबजलेली क्रूझ बंदरं याच राज्यात आहेत. केंद्र म्हणतं 95 टक्के दाखवा, राज्य म्हणतं विचारूच नका. इकडे आड, तिकडे विहीर.

राज्याने त्याआधीच, एप्रिलमध्ये, केंद्राच्या आदेशाविरुद्ध दावा लावला होता. 18 जूनला न्यायाधीशांनी राज्याच्या बाजूने तात्पुरता मनाई हुकूम दिला. 1944च्या सार्वजनिक आरोग्य कायद्यात तपासणी, धुरी, निर्जंतुकीकरण अशी कामं लिहिली आहेत, त्याच्या आधारे अख्खा उद्योग असा बांधून ठेवता येत नाही, असा त्या निकालाचा गाभा. हुकूम 18 जुलैपासून लागू व्हायचा होता. आदल्या रात्री, बारा वाजायला थोडा अवकाश असताना, अपिलाच्या खंडपीठाने दोन विरुद्ध एक मतांनी त्याला स्थगिती दिली. 23 जुलैला त्याच न्यायालयाने स्वतःचीच स्थगिती मागे घेतली. त्या आठवड्यात ज्यांचं जहाज सुटायचं होतं त्यांना कोणता नियम लागू आहे, हे वकिलालाही छातीठोक सांगता आलं नसतं. त्यानंतर फ्लोरिडातल्या जहाजांपुरता केंद्राचा आदेश शिफारस म्हणून उरला. कंपन्या तो स्वखुशीने पाळत राहिल्या, कारण जहाजावर साथ पसरल्याची बातमी त्यांना दंडापेक्षा महाग पडणार होती.

एका कंपनीला मात्र शंभर टक्के लस घेतलेलेच प्रवासी हवे होते. तिने जुलैत राज्यावर दावा लावला आणि 8 ऑगस्टला दुसऱ्या न्यायाधीशांकडून मनाई हुकूम मिळवला. या निकालातला एक मुद्दा मला फार बोलका वाटतो: राज्याचा कायदा कागद मागायला बंदी करतो, तोंडी विचारायला नाही. ‘लस घेतली का?’ विचारलं तर चालतं, ‘दाखवा’ म्हटलं की गुन्हा. खाजगीपणाच्या नावाने केलेल्या कायद्यात ही फट कशी राहिली, याचं पटेल असं उत्तर राज्याकडून आलेलं दिसत नाही. केंद्राने उद्योगाच्या कारभारात नाक खुपसू नये म्हणून कोर्टात गेलेल्या राज्याने त्याच उद्योगाला ग्राहकाकडे काय मागायचं हे शिकवावं, यातही गंमत आहेच. हा हुकूम अपिलात ऑक्टोबर 2022मध्ये फिरला आणि राज्य जिंकलं. पण त्याच महिन्यात त्या कंपनीने लस आणि टेस्ट दोन्हींच्या अटी स्वतःहून काढून टाकल्या होत्या.

इतर कंपन्यांनी मधला मार्ग काढला. प्रमाणपत्र ‘मागायचं’ नाही. पण दाखवलं नाही, तर लस घेतलेली नाही असं धरायचं. मग टेस्टची रांग सुरू. चढण्याआधी तीन दिवसांत एक, बंदरावर एक, फेरी लांब असेल तर उतरण्याआधी आणखी एक. एका मोठ्या कंपनीने 2021च्या उन्हाळ्यात या टेस्टचे माणशी 136 डॉलर लावले. शिवाय 25,000 डॉलरचा वैद्यकीय आणि 50,000 डॉलरचा क्वारंटाइन व हलवण्याच्या खर्चाचा विमा. जेवणाच्या काही जागा, काही बार आणि कार्यक्रम फक्त लस घेतलेल्यांसाठी. लस न घेणाऱ्यांच्या स्वातंत्र्यासाठी केलेल्या कायद्याचं बिल त्यांच्याच खिशातून गेलं.

‘पूर्ण लसीकरण’ म्हणजे शेवटच्या डोसनंतर 14 दिवस, हे तेव्हा सगळ्यांना पाठ होतं. ते किती काटेकोर होतं, ते जून 2021मध्ये एका नव्या जहाजाने दाखवलं. त्याच्या 1,400 कर्मचाऱ्यांना 4 जूनला लस दिली होती. 18 तारीख यायच्या आतच आठ जण पॉझिटिव्ह आले आणि जुलैच्या सुरुवातीची पहिली फेरी जवळजवळ महिनाभर पुढे गेली.

जहाजांवर नोकरी करणाऱ्या आपल्याकडच्या मंडळींना हे 14 दिवस नंतर आले, आधी आडवं आलं ते दोन डोसमधलं अंतर. 13 मे 2021ला भारताने कोविशील्डचं अंतर 12 ते 16 आठवडे केलं. कंपनी म्हणते महिनाभरात जॉइन व्हा, कोविन म्हणतं दुसरा डोस ऑगस्टमध्ये. जूनमध्ये शिक्षण किंवा नोकरीसाठी परदेशी जाणाऱ्यांना 28 दिवसांनी दुसरा डोस घ्यायची सवलत मिळाली, तेव्हा ही कोंडी फुटली. कोव्हॅक्सिन घेतलेल्यांना नोव्हेंबरपर्यंत थांबावं लागलं. जागतिक पातळीवर तिला 3 नोव्हेंबर 2021ला मान्यता मिळाली आणि 8 नोव्हेंबरला अमेरिकेने लस घेतलेल्या परदेशी प्रवाशांना दारं उघडली, म्हणजे थोडक्यात निभावलं. शिवाय कोविनच्या प्रमाणपत्रावर आधी जन्मतारीख नव्हती, नुसतं वय होतं. पासपोर्टशी ते जुळवायचं कसं, हा प्रश्न सुटला तो परदेशी जाणाऱ्यांसाठी जन्मतारखेची सोय झाल्यावर.

डेल्टानंतर लस घेतलेल्यांनाही टेस्ट लागू लागली. तीन दिवसांची मुदत पुढे दोन दिवसांवर आली आणि सुट्टीच्या दिवशी लॅब शोधत फिरण्यापेक्षा लोक घरच्या किटकडे वळले. हे किट कॅमेऱ्यासमोर वापरायचं. लॅपटॉप उघडायचा, समोरच्या अनोळखी माणसाला ओळखपत्र दाखवायचं, न फोडलेलं पाकीट दाखवायचं, त्याच्या देखत दोन्ही नाकपुड्यांत काडी फिरवायची आणि पट्टीवर रेघ उमटेपर्यंत 15 मिनिटं किट त्याच्या नजरेआड होऊ द्यायचं नाही. मग ईमेलवर निकाल. हेच किट एकट्याने वापरलं असेल, तर निकाल अमान्य.

ओमायक्रॉनने लस आणि टेस्ट दोन्हींची मर्यादा दाखवली. 30 डिसेंबर 2021ला अमेरिकेने लस घेतली असो वा नसो, क्रूझ टाळा असा इशारा दिला. त्याच आठवड्यात मुंबईहून नववर्षासाठी गोव्याला गेलेल्या जहाजावर एक कर्मचारी पॉझिटिव्ह आला. मुरगावला सुमारे दोन हजार जणांचे स्वॅब घेतले, 66 बाधित निघाले, जहाज मुंबईला परत पाठवलं. मुंबईत पुन्हा तपासणी झाली तेव्हा आणखी शंभरावर सापडले.

नियम मोडीत निघाले ते मात्र हळूहळू. 15 जानेवारी 2022ला अमेरिकेचा सशर्त आदेश संपला आणि ऐच्छिक कार्यक्रम आला. त्यात 95 टक्के पुन्हा होतेच, यावेळी बूस्टर घेतलेल्यांची वरची पायरी धरून. 18 जुलैला तोही बंद झाला. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये कंपन्यांनी छोट्या फेऱ्यांवरची टेस्ट काढली, मग लशीची अट. एका मोठ्या कंपनीने 16 रात्री किंवा त्याहून लांब फेऱ्यांना दोन्ही अटी ठेवल्या, आणि बाकीच्यांनीही जिथे बंदराचा देशच प्रमाणपत्र मागत होता तिथे आपला नियम त्या देशाच्या नियमाला बांधून ठेवला.