कुणालाच नको असलेल्यांचा हिवाळा : पार्श्वभूमी

अमेरिकेतल्या मेजर लीग बेसबॉलचा हंगाम संपला की दर वर्षी तीच यादी निघते: स्वस्तात मिळतील आणि इतरांच्या नजरेतून सुटले आहेत असे खेळाडू कोण? नावं बदलतात, त्यामागची समजूत बदलत नाही. एका संघाची नजर कच्ची होती, दुसऱ्याची पारखी, म्हणून हिरा हाती लागला, असं मानलं जातं. जुनी प्रकरणं एकेक करून तपासली की चित्र वेगळं दिसतं. यातल्या बहुतेकांना त्यांच्या संघाने नीट पाहिलेलं होतं आणि हिशेब करूनच सोडलेलं होतं. तो हिशेब कसा बदलत गेला, याची ही पार्श्वभूमी.

सुरुवातीचा काळ थोडक्यात. १८७९ मध्ये मालकांनी आपापसांत ठरवलं की प्रत्येक संघाने पाच खेळाडू राखून ठेवायचे आणि इतरांनी त्यांना हात लावायचा नाही. पाचाचे पुढे सगळेच झाले. त्यानंतर जवळजवळ शतकभर हिवाळ्यात खेळाडू मिळवण्याचे मार्ग मोजके होते: दुसऱ्या मालकाकडून विकत घ्यायचा, अदलाबदल करायची, नाहीतर त्याने टाकलेला उचलायचा. १९२०च्या दशकापासून सेंट लुईसने छोट्या गावांचे संघ ताब्यात घेऊन शेकडो पोरं आपल्या नावावर बांधली आणि बाकीच्यांनीही तोच कित्ता गिरवला. प्रकार इतका हाताबाहेर गेला की १९३८ मध्ये सेंट लुईसच्या सत्तरहून जास्त आणि १९४० मध्ये डेट्रॉइटच्या ९१ खेळाडूंना मोकळं करण्याचा हुकूम वरून आला. दुर्लक्षित खेळाडू त्या काळातही होतेच. त्यांच्यावर मालकीचं कुलूप होतं, एवढंच.

त्या कुलपाची एक किल्ली म्हणजे रूल फाइव्ह ड्राफ्ट. दुसऱ्या संघाने मायनर लीगमध्ये, म्हणजे मेजर लीगखालच्या दुय्यम लीगमध्ये, साठवून ठेवलेला खेळाडू ठरावीक किमतीला उचलता येतो. आताच्या नियमाप्रमाणे त्याला पूर्ण हंगाम मुख्य संघात ठेवावं लागतं, नाहीतर मूळ संघाला परत देऊ करावं लागतं. १९५४ मध्ये ब्रुकलिनने १०,००० डॉलर बोनस देऊन करारबद्ध केलेला पोर्तो रिकोचा एक विशीतला मुलगा, रॉबर्टो क्लेमेंटे, मॉन्ट्रियलच्या दुय्यम संघात होता आणि फारसा खेळवला जात नव्हता. तळाला असलेल्या पिट्सबर्गने त्याला ४,००० डॉलरला उचललं. त्याचे पुढचे ३,००० हिट (यशस्वी फटके) सगळ्यांना माहीत आहेत. मला मात्र १९९९ चा सौदा जास्त बोलका वाटतो. मिनेसोटाची निवड पहिली, फ्लोरिडाची दुसरी. दोघांनी आधीच ठरवून एकमेकांना हवा असलेला पिचर (चेंडू टाकणारा) उचलला आणि लगेच अदलाबदल केली. मिनेसोटाला ह्यूस्टनच्या मायनर लीगमधला वीस वर्षांचा व्हेनेझुएलाचा डावखुरा मिळाला आणि वर ५०,००० डॉलर, म्हणजे निवडीची पूर्ण किंमत. त्याने पुढे दोनदा सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार घेतला. म्हणजे मिनेसोटाची नजर तेव्हा तरी उत्तम होती. पुढच्या भागासाठी हे लक्षात ठेवायला हवं.

२३ डिसेंबर १९७५ च्या लवादाच्या निकालाने मालकीचं कुलूप तुटलं आणि पुढच्या वर्षीच्या करारात सहा वर्षांच्या सेवेनंतर फ्री एजन्सी, म्हणजे हव्या त्या संघाशी करार करायची मोकळीक, आली.  दुर्लक्षित खेळाडूंच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाची गोष्ट त्याआधीच, १९७४ मध्ये, सुरू झाली होती: पगाराचं आर्बिट्रेशन, म्हणजे एकमत न झाल्यास लवादाने पगार ठरवणं. सहा वर्षं भरायच्या आत, साधारण तीन वर्षांनंतर, खेळाडूचा पगार मालकाच्या मर्जीवर राहत नाही. त्याच्यासारख्या इतरांना काय मिळतं, यावर तो ठरतो आणि सहसा वर्षागणिक वाढतो. त्यातून सुटायची संघाला एक वाट आहे: ठरलेल्या मुदतीत कराराचा प्रस्तावच द्यायचा नाही. त्यालाच नॉन-टेंडर म्हणतात. एरवी अजून काही वर्षं त्याच संघाकडे राहिला असता असा खेळाडू एका संध्याकाळी मोकळा होतो. आयपीएलच्या लिलावात एखाद्यावर बोली लागली नाही, तर ते सगळ्यांच्या डोळ्यांसमोर घडतं. इथे एका ओळीचं पत्रक निघतं आणि वाचणाऱ्याला वाटतं की या माणसात काहीतरी खोट असणार.

ओकलंडचा २००१-०२ चा हिवाळा, म्हणजे ‘मनीबॉल’ची गोष्ट, इतक्यांदा सांगून झालाय की मी तो लांबवत नाही. पहिला बेसमन, सेंटर फील्डर आणि क्लोजर (सामना संपवायला येणारा पिचर) तिघेही गेले आणि सगळा संघ चार कोटी डॉलरच्या आसपास बसवायचा होता. कोपराच्या नसेला इजा झालेला, आता धड फेकता न येणारा एक कॅचर बोस्टनने कोलोराडोला दिला आणि कोलोराडोने त्याला लगेच नॉन-टेंडर केलं. ओकलंडने त्याला दहा लाख डॉलरच्या आत घेतलं आणि मोठ्या लीगमध्ये कधीही न खेळलेल्या फर्स्ट बेसवर उभं केलं, कारण तो वाईट चेंडूंना बॅट लावत नसे. ४ सप्टेंबर २००२ ला कॅन्सस सिटीविरुद्ध ११-० ची आघाडी घालवल्यावर सलग विसावा विजय त्याच्याच होमरनने, म्हणजे चेंडू सीमेपार भिरकावणाऱ्या फटक्याने, मिळाला. प्रसंग खरा आणि सुंदर आहे. पण त्या वर्षीचे १०३ विजय मुख्यतः तीन तरुण स्टार्टर (सामना सुरू करणारे पिचर) आणि एका शॉर्टस्टॉपच्या (दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधल्या क्षेत्ररक्षकाच्या) जिवावर आले होते आणि ते चौघेही ओकलंडनेच मायनर लीगमधून वाढवलेले होते. उचलून आणलेल्यांनी भोकं बुजवली. ते काम लहान नाही, तरी त्यावरून उभी राहिलेली दंतकथा कामापेक्षा फार मोठी झाली.

खरा वाद पुढच्या हिवाळ्याचा आहे.

१६ डिसेंबर २००२ ला मिनेसोटाने आपला सत्तावीस वर्षांचा डॉमिनिकन डेझिग्नेटेड हिटर (क्षेत्ररक्षण न करता फक्त फलंदाजी करणारा) डेव्हिड ऑर्टिझ सोडला. नुकत्याच संपलेल्या हंगामातले त्याचे आकडे: १२५ सामने, २० होमरन, ७५ आरबीआय (त्याच्या फलंदाजीवर संघाला मिळालेल्या धावा), सरासरी .२७२. पगार ९ लाख ५० हजार डॉलर होता आणि आर्बिट्रेशनमध्ये तो साधारण दुप्पट झाला असता. याला सर्रास नॉन-टेंडर म्हटलं जातं, पण नॉन-टेंडरची मुदत त्यानंतर काही दिवसांनी होती. घाई झाली ती वेगळ्या कारणाने. त्याच दिवशी रूल फाइव्ह ड्राफ्ट होता, टेक्सासच्या मायनर लीगमधला एक शॉर्टस्टॉप मिनेसोटाला हवा होता आणि संघाच्या ४० जणांच्या यादीत जागा नव्हती. ती जागा या माणसाला सोडून केली गेली. तो शॉर्टस्टॉप मिनेसोटाकडून एकही सामना खेळला नाही. मार्चमध्येच त्याला वेव्हरवर टाकावं, म्हणजे इतर संघांना हक्क सांगायला खुलं करावं, लागलं आणि बाल्टिमोरने तो उचलला.

एवढं वाचून हसू येतं, आणि गेली वीस वर्षं लोक मिनेसोटाला हसतच आले आहेत. ते अन्यायाचं आहे असं माझं मत आहे. सोडणारा संघ कोणत्या अवस्थेत होता ते पाहायला हवं. नोव्हेंबर २००१ मध्ये मालकांनी दोन संघ बंदच करून टाकायचं ठरवलं होतं आणि त्यात मिनेसोटाचं नाव पुढे होतं. न्यायालयामुळे तो संघ वाचला आणि पुढच्याच हंगामात चार कोटींच्या खर्चात त्याने गट जिंकला. फर्स्ट बेसवर गोल्ड ग्लव्ह हा क्षेत्ररक्षणाचा पुरस्कार मिळवलेला माणूस होता आणि डेझिग्नेटेड हिटरच्या जागेसाठी अजून दोघे-तिघे स्वस्त पर्याय होते. सोडलेल्या फलंदाजाला २००१ मध्ये मनगटाचं फ्रॅक्चर झालं होतं, २००२ मध्ये गुडघ्याची शस्त्रक्रिया. आधी त्याला अदलाबदलीत देऊन पाहण्याचाही प्रयत्न झाला होता, कोणी पुढे आलं नाही. आणि त्याच्याशिवाय मिनेसोटाने २००३ आणि २००४ मध्येही गट जिंकलाच.

मुख्य मुद्दा पुढचा. सोडल्यानंतर पाच आठवडे तो मोकळा होता. बदल्यात कुणालाही द्यायचं नव्हतं, एका फोनवर मिळाला असता. नजर कच्ची असेल तर ती एकट्या मिनेसोटाची नव्हती. बोस्टनने २२ जानेवारी २००३ ला साडेबारा लाख डॉलरला त्याच्याशी एका वर्षाचा करार केला, तोही बोस्टनचाच प्रमुख पिचर, त्याच्याच देशाचा, मागे लागला तेव्हा. त्या हिवाळ्यात बोस्टनने फर्स्ट बेस आणि डेझिग्नेटेड हिटरसाठी एकच माणूस आणला नव्हता. फिलाडेल्फियाहून एक आणला. फ्लोरिडाने जपानच्या चुनिची संघाला विकलेला एक खेळाडू मधल्या मध्ये वेव्हरवर हक्क सांगून अडवला. अशा वेळी कोणी आड यायचं नाही हा अलिखित शिष्टाचार होता आणि तो मोडल्याबद्दल जपानमध्ये मोठी नाराजी झाली, ती योग्यच होती. तिसऱ्या बेससाठी घेतलेल्या एका शांत माणसाने त्याच वर्षी .३२६ च्या सरासरीने लीगचं फलंदाजीचं विजेतेपद घेतलं.

इतक्या गर्दीत आपला डॉमिनिकन पहिले दोन महिने बाकावर-मैदानात असा आत-बाहेर होता. मेच्या अखेरीस बोस्टनने आधीचा तिसरा बेसमन ॲरिझोनाला दिला आणि मगच त्याला रोजची जागा मिळाली. हंगामअखेर ३१ होमरन आणि १०१ आरबीआय. बोस्टनकडे एकूण ४८३ होमरन, कारकिर्दीत ५४१ आणि २०२२ मध्ये हॉल ऑफ फेम. बोस्टनला श्रेय द्यायचं तर अनेक खेळाडूंवर थोडे थोडे पैसे लावण्याची ऐपत आणि हिंमत होती याचं द्यावं. ‘आम्ही ओळखलं होतं’ हा दावा बोस्टनच्या स्वतःच्याच बाकावर टिकत नाही.

मिनेसोटाला एका बाबतीत मात्र माफी नाही. ताकदीने चेंडू खेचणाऱ्या या फलंदाजाला तिथे चेंडू विरुद्ध बाजूला ढकलायला लावलं जात होतं, असं त्याने स्वतः पुढे वारंवार सांगितलं. पैशांअभावी सोडणं समजू शकतो. आपल्या हाताखाली असलेला माणूस मुळात काय करू शकतो हे पाहायचंच नाही, ही खरी हलगर्जी होती.

पुढच्या दोन दशकांत हाच धडा बाकीच्यांनी गिरवला. ऑन-बेस टक्केवारी, म्हणजे फलंदाज किती वेळा बेसवर पोहोचतो तो आकडा, सगळेच वाचू लागल्यावर तिच्यातली स्वस्ताई संपली आणि शोध खेळाडूच्या शरीराकडे, हालचालींकडे वळला. डिसेंबर २०१३ मध्ये ह्यूस्टनने कोलोराडोचा एक पिटलेला पिचर वेव्हरवर घेतला, कारण त्याच्या कर्व्हबॉलला (वळणाऱ्या चेंडूला) मिळणारी फिरकी मोजून पाहिली होती. दोन वर्षांत त्याने एका हंगामात १९ विजय मिळवले. त्याच ह्यूस्टनमध्ये एका आउटफील्डरने हिवाळाभर आपला स्विंग मुळापासून बदलून आणला होता. मार्च २०१४ मध्ये त्याला सरावसामन्यांत १८ ॲट-बॅट (फलंदाजीच्या पाळ्या) मिळाले आणि मग घरचा रस्ता. डेट्रॉइटकडून त्याने त्याच वर्षी २३ होमरन मारले. त्याच हिवाळ्यात न्यूयॉर्कने नॉन-टेंडर केलेला, स्विंग बदललेला एक इनफील्डर लॉस अँजलिसला मायनर लीगच्या करारावर मिळाला आणि २०१४ मध्ये त्याची सरासरी .३४० होती. फिरकी मोजणारा संघ आपल्याच माणसाचा नवा स्विंग पाहू शकला नाही, यावरून यंत्रांवर किती भिस्त ठेवायची ते कळतं.

दुसरा नवा झरा पूर्वेकडचा. नोव्हेंबर २०१६ च्या अखेरीस मिलवॉकीने लीगमध्ये संयुक्तपणे सर्वाधिक, ४१, होमरन मारलेला आपला पहिला बेसमन सोडला आणि त्याच सुमारास कोरियात २०१५ मध्ये सर्वोत्तम खेळाडू ठरलेल्या एका अमेरिकनाशी तीन वर्षांचा १ कोटी ६० लाखांचा करार केला. पुढच्या एप्रिलमध्ये नव्या माणसाने ११ होमरन मारले. ४१ होमरनवाल्याला फेब्रुवारीपर्यंत वाट पाहून न्यूयॉर्कमध्ये ३५ लाखांवर समाधान मानावं लागलं. होमरनची किंमत आर्बिट्रेशनमध्ये जास्त आणि उघड्या बाजारात कमी, ही तफावत इतकी स्पष्ट क्वचितच दिसली असेल. ॲरिझोनाने डिसेंबर २०१८ मध्ये कोरियातून परत आणलेला पिचर २०२३ च्या वर्ल्ड सिरीजच्या, म्हणजे अंतिम मालिकेच्या, दुसऱ्या सामन्यात सात इनिंग टाकून जिंकला. आता कोरियातल्या प्रत्येक संघातल्या परदेशी खेळाडूंवर अमेरिकेतून डोळा असतो.

तफावत उलटही जाते. डिसेंबर २०२० मध्ये, प्रेक्षकांविना गेलेल्या हंगामानंतर, शिकागोने .१८८ सरासरीच्या एका डावखुऱ्या आउटफील्डरला नॉन-टेंडर केलं. वॉशिंग्टनने त्याला एका वर्षासाठी १ कोटी डॉलर दिले. आर्बिट्रेशनमध्ये अपेक्षित होते त्याहून ते कमी नव्हते. पुढच्या हंगामात त्याचे ३२ होमरन झाले, २०२२ मध्ये फिलाडेल्फियाकडून ४६. तोट्याच्या वर्षात रोख रक्कम वाचवण्यापलीकडे शिकागोच्या निर्णयाला दुसरा आधार मला सापडत नाही.

नॉन-टेंडरची मुदत पूर्वी डिसेंबरात असे. २०२२ पासून ती नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्याच्या आसपास आली, त्यामुळे सगळे संघ जमतात त्या डिसेंबरच्या बैठकांआधीच सोडलेल्यांची यादी सगळ्यांच्या हाती असते आणि पाच आठवडे कुणी फोनच केला नाही असं पूर्वीइतकं सहज घडत नाही. २०२१ मधल्या वाटाघाटींत मालकांनी आर्बिट्रेशन काढून त्याजागी आकडेवारीचं सूत्र आणायचा प्रस्ताव ठेवला होता, खेळाडूंनी तो फेटाळला. सध्याचा करार १ डिसेंबर २०२६ ला संपतो. त्या वाटाघाटींत हा विषय पुन्हा निघाला आणि सूत्र खरंच आलं, तर सगळे संघ खेळाडूची किंमत एकाच कोष्टकातून वाचतील आणि नोव्हेंबरात मोकळे होणारे खेळाडू वेगळ्याच प्रकारचे असतील.